तुम्ही विचारलंत म्हणून: औषध निघते काय त्यातून?

दारव्ह्याला बसमधून उतरले की तिथूनच सुरू होतं. "काय करून राहिली बाई तू तिकडे? पाच वर्ष झाले, औषध निघते काय त्यातून?" लग्नात मामाजी, फोनवर आत्या, आणि आता मेसेज करून तुम्ही सगळे, माझ्या लॅबमधल्या प्रोटीनच्या संशोधनाबद्दल. एकदाच लिहून टाकते.

नाही निघत. आधी मी "हो, अँटिबायोटिक" म्हणून सुटायची, ते खोटं होतं आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या मेम्ब्रेनमधे, म्हणजे बाहेरच्या पातळ पडद्यात, सीएलसी-ईसी१ नावाचं प्रोटीन असतं, मी त्याच्यावर काम करते. दोन क्लोराइड (मिठातले ऋण चार्जचे कण) एका बाजूला गेले की एक प्रोटॉन (ॲसिडमधला धन चार्जचा कण) उलट्या बाजूला येतो. पोटातल्या कडक ॲसिडमधून जिवंत निघायला बॅक्टेरियाला त्याची मदत होते. विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशात याचंच भाऊबंद आहे पण ते साधं चॅनेल, दार उघडलं की क्लोराइड वाहतं. म्हणून २००२ ला मॅकिनन या शास्त्रज्ञाच्या लॅबनं बॅक्टेरियातल्या प्रोटीनची रचना दाखवली तेव्हा लोक यालाही चॅनेलच समजायचे. २००४ मधे अकार्डी आणि मिलर या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की हे चॅनेल नाही, अदलाबदल करणारं आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ; त्यातलं १४८ नंबरचं ग्लूटामेट काढून ॲलानिन हे दुसरं टाका, क्लोराइड जातच राहतो, प्रोटॉनचं येणं बंद. मोठा खेळ त्या एका जागेचा. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, आणि हे घरी कोणाला सांगता येत नाही याचा राग पण येतो.

आता पोळ्याचं. एका वर्षी पोळ्याला बाबांनी फोन केला, ये म्हणाले. मी नाही म्हटलं, प्रोटीन ताजं होतं, चार दिवसांत खराब झालं असतं. पोळ्याच्या दिवशी लॅबमधे मी एकटी. लिपोसोममधे, म्हणजे चरबीच्या बारीक फुग्यांत, प्रोटीन बसवलेलं, आत भरपूर पोटॅशियम क्लोराइड, बाहेर कमी, बाहेरचा क्लोराइड मोजायला सिल्व्हरचा इलेक्ट्रोड लावलेला. व्हॅलिनोमायसिन पोटॅशियमला बाहेर पडायला वाट करून देतं; ते टाकलं की क्लोराइड बाहेर यायला हवा. रेघ सपाट. परत केलं, सपाट. शेवटी लिपोसोम फोडायला डिटर्जंट टाकलं तर सगळा क्लोराइड एकदम बाहेर, म्हणजे आत माल होता, लिपोसोम चांगले होते. मग प्रोटीनच मेलं असं धरून मी सगळी बॅच फेकली, सहा आठवड्यांची मेहनत. नंतर कळलं की त्या कुपीत व्हॅलिनोमायसिन नव्हतंच, नुसतं इथेनॉल होतं, आणि लेबल माझ्याच हातचं. दोन क्लोराइड बाहेर अन् एक प्रोटॉन आत म्हणजे दर खेपेला आत तीन धन चार्ज वाढतात. पोटॅशियमला बाहेर पडायला वाट नसली की व्होल्टेज चढतं आणि प्रोटीन थांबतं. हे मला पाठ होतं. तरी संशय प्रोटीनवर घेतला, स्वतःच्या कुपीवर नाही.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आईनं फोनवर सांगितलं की बैलजोडी महिनाभरापूर्वीच विकली, बाबांनी रिकाम्या गोठ्यात दिवा लावला आणि जेवले नाहीत. मला त्यासाठी बोलावलं होतं, सणासाठी नाही.

तेव्हाची मी म्हणते, तुला सांगितलंच नाही तर तुझी काय चूक. आताची मी म्हणते, तू विचारलंस का. दोघींचं पटत नाही. आणि परत तसं प्रोटीन हातात आलं तर मी जाईन का? खरं सांगू, माहीत नाही.

हो, माणसात याच कुळातलं सीएलसी-७ बिघडलं की हाडं दगडासारखी घट्ट पण ठिसूळ होतात, तोही आजार खरा आहे. पण मी त्यासाठी हे करत नाही. प्रोटॉन आतल्या २०३ नंबरच्या ग्लूटामेटपासून १४८ पर्यंत नेमका कसा पोचतो, मधे पाण्याचे रेणू किती अन् कसे असतात, यावर अजून वाद आहे. मी त्यात आहे. मामाजींना आज फोन करून एवढंच सांगणार आहे.