खेळाडू आणायचे कुठून?

आज सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथला मुलांची रग्बी लीगची (म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीची) मॅच बघितली. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, गुडघे सोललेले, आणि दोरीपलीकडे वहीत काहीतरी टिपणारे दोघं-तिघं. शेजारच्या ताई म्हणाल्या, "आता क्लबवाले फारच लवकर यायला लागलेत."

येणारच! एनआरएलमध्ये, म्हणजे रग्बी लीगच्या ऑस्ट्रेलियातल्या सर्वात मोठ्या स्पर्धेत, २०२३ साली डॉल्फिन्स हा सतरावा संघ आला. आता २०२७ ला पर्थ बेअर्स आणि २०२८ ला पापुआ न्यू गिनीचा संघ येतोय. एकेका संघाला तीस मुख्य खेळाडू लागतात. म्हणजे साठ नवे खेळाडू, आणि त्यातही चांगला हाफबॅक (संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) मिळणं महाकठीण. करार संपायच्या आदल्या वर्षीच, १ नोव्हेंबरपासून, खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो. त्यामुळे ओढाताण कायमचीच. पापुआ न्यू गिनीने तर खेळाडूंना करमाफीच देऊ केलीय.

मला काळजी वाटते ती पेनरिथसारख्या क्लबची. २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं, बरेचसे खेळाडू इथल्याच मैदानांवर घडलेले. पण प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असल्यामुळे सगळ्यांना धरून ठेवता येत नाही. जॅरोम लुआई २०२५ ला वेस्ट्स टायगर्सकडे गेलाच की.

तरी पापुआ न्यू गिनीचा संघ यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. रग्बी लीग तिथला राष्ट्रीय खेळ आहे. जस्टिन ओलाम तिथल्या डोंगराळ भागातून येऊन मेलबर्नकडून खेळला. तिथल्या पोरांना आता घरचाच संघ मिळेल. फक्त नव्या संघांनी तयार खेळाडू पळवण्याआधी पोरांच्या अशा मैदानांवर पैसा ओतावा, प्रशिक्षक नेमावेत.