तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राकाठी कसली आलीय थंडी?

हिवाळा सुरू झाला की आतल्या भागात राहणारे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, "तुम्ही तर समुद्रकाठचे. तिकडे पारा कुठे एवढा उतरतो? मग थंडीची तक्रार का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पारा फारसा उतरत नाही, हे खरंच आहे. पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या वाळूच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते, आणि निवताना ती तितकीच सावकाश बाहेर पडते. आइसलँडचं रेक्याविक हे सैबेरियातल्या याकुत्स्कपेक्षा उत्तरेला आहे. तरी जानेवारीत रेक्याविकचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं आणि याकुत्स्कचं उणे ३५ च्याही खाली. समुद्राचे हे उपकार आम्ही नाकारत नाही.

पण अंगाला थंडी वाजते ती शरीरातली उष्णता किती झपाट्याने निघून जाते त्यावर. कातडीलगत आपणच तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो टिकू देत नाही, आणि उघड्या किनाऱ्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार, तापमान शून्य अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला उणे ६ अंशांसारखं वाटतं. म्हणून थंडीच्या लाटेत मी सकाळी आधी वाऱ्याची दिशा बघते, आकडा नंतर. खारे वारे वाहत असतील तर हवा दमट पण सोसवेल अशी असते. जमिनीकडून मतलई वारे जोरात सुटले, की आतली सगळी थंडी थेट दारात येते. मग समोर एवढा मोठा उबदार साठा असून त्याचा उपयोग नाही, कारण त्याची ऊब उलट्या दिशेला चाललेली असते. अशा पहाटे पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. समुद्र तापलेला नसतो, वरची हवा त्याच्यापेक्षा खूप गार झालेली असते.

दुसरी गोष्ट ओल, आणि रोजचं जगणं खरं तिच्यामुळेच अवघड होतं. कपडे दोन-दोन दिवस दोरीवर राहतात. वाळल्यासारखे वाटतात, अंगात घातले की गार लागतात. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे किंचित दमट मोजेसुद्धा पाय गारठवतात. त्यात मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्राच्या मिठातले इतर क्षार त्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरतात. लाटांचे तुषार उडालेला कोट म्हणूनच कितीही टांगला तरी चिकट राहतो. तो गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, कड्याकुलपं यांचंही तेच, फक्त तिथे गंजही चढतो.

घर बंद करून बसावं, असं सगळ्यांनाच वाटतं. मी उलट सांगेन. श्वास, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे या सगळ्याची वाफ घरातच कोंडते, गार काचेवर आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर थेंब धरते, मग बुरशी येते. बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी ती हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. दमट दिसणारी बाहेरची हवा घर कोरडं करते! समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत लावायच्या. तेवढ्यात हवा बदलते, भिंती मात्र निवत नाहीत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर रात्री त्यांचे हातपाय आणि पांघरूण कोरडं आहे ना, हे हात लावून बघावं. गारठा वाढला तरी ती पुष्कळदा बोलत नाहीत.

आणि तुमच्याकडे ऊन तापू लागलं तरी आमच्याकडे गारवा रेंगाळतो. उत्तर गोलार्धात समुद्राचं पाणी बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार असतं, कारण ते तापायलाही तितकाच वेळ घेतं. त्या सुमारास येणार असाल तर नुसत्या जाड स्वेटरवर भागणार नाही, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. वरून घालायला विंडचीटर आणा, आणि मोज्यांचे जास्तीचे जोड.