सेलूहून तपासणीला, आणि दुसऱ्या दिवशी वेरूळला

जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी जायचं होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन, यात वर्ष गेलं. शेवटचा शेक ऑगस्टात झाला. रिपोर्ट चांगले आले, केसही परत आले, तरी भाजी निवडता निवडता मी बसल्या जागी आडवी व्हायची. दवाखान्याच्या फेऱ्या कितीतरी झाल्या होत्या. या वेळी पहिल्यांदाच तपासणीला एक दिवस जोडला, वेरूळसाठी. परभणी, हिंगोली, जालना भागातून कुणी असं जाणार असेल तर कामाला येईल म्हणून सगळं लिहिते आहे.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी जाऊन परत यायचं करू नका. उपचार चालू असताना आम्ही तेच करायचो. पहाटे उठून गाडी, दिवसभर रांग, रात्री घरी. मग चार दिवस मी कुणाच्या कामाची नसायची. या वेळी आदल्या दिवशी दुपारी निघालो. सोबत मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का. तिकीट सवलतीचं काढलं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला किंवा तपासणीला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं लागत नाही, सोबतच्या माणसाला तिथेच ७५ टक्के सवलत मिळते. साध्या दुसऱ्या वर्गात दोघांनाही ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दवाखान्याचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं. पहिल्या महिन्यांत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, पूर्ण पैसे भरत राहिलो. दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स पिशवीत ठेवाच.

पिशवी मात्र ऑपरेशनच्या बाजूच्या हातात नको. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. रक्तदाब तपासायला किंवा रक्त काढायलाही दुसरा हात पुढे करायचा. माझी पिशवी सेलूपासून अक्कांच्याच खांद्यावर होती.

आता थकव्याचं सांगते. हा थकवा कापूस वेचून आल्यावर येतो तसा नाही. तो झोपलं की जातो. हा सकाळी उठतानाच अंगावर असतो. मला पंचवीस शेक होते, सोमवार ते शुक्रवार. पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही, मग रोज थोडा थोडा साचत गेला आणि शेक संपल्यावर जास्तच झाला. मला वाटलं, आजार परत आला. रात्र रात्र हीच भीती. एका दवाखान्यात विचारलं तर, ‘आराम करा, होईल,’ एवढंच उत्तर मिळालं. पुढे एका सिस्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, म्हणजे कमी. म्हणून सांगते, ‘थकवा असतोच’ म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, दुखणं, मनाची अवस्था, यातलं काही सापडलं तर त्यावर इलाज आहे. आणि केमो चालू असताना ताप १०० च्या वर चढला तर तो थकव्यात मोजू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

हिमोग्लोबिन वाढलं तरी थकवा सगळा गेला नाही. तेव्हा चालायला सांगितलं. मला रागच आला होता, उभं राहवत नाही आणि चाला कसलं? पण घरापासून मारुतीच्या पारापर्यंत, दहा मिनिटं, रोज. तीन आठवड्यांनी फरक कळला. दुपारची झोप अर्ध्या तासाची, गजर लावून. ती लांबली की रात्र जागून काढावी लागते.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एक वाक्य बोलून टाकल्याचा. दिवाळीच्या आधी ओसरीवर बसून मी अक्कांना म्हटलं, ‘अक्का, मला आता पोळ्या होईनात.’ त्या म्हणाल्या, ‘मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? आम्हाला वाटायलं तुलाच बोलू वाटंना.’ त्या दिवसापासून भाकरी त्यांच्याकडून येऊ लागली. शेजारणीनं दळण घेतलं, पुतण्यानं औषधांचं. ‘काही लागलं तर सांग’ असं सगळेच म्हणतात, पण काय लागतं हे आपणच नाव घेऊन सांगावं लागतं. घरात बोलता येत नसेल आणि मन फार खचत असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. शिवाय शेकाच्या रांगेत भेटलेल्या आम्ही चौघी दर रविवारी फोनवर असतो. हिंगोलीकडची एक तर फोन उचलताच विचारते, ‘आज किती चाललीस?’

तपासणी दुपारी दोनपर्यंत आटोपली. नंबर लागेपर्यंत रांगेत अक्का उभ्या राहिल्या, मी बाकावर बसले. पूर्वी मला याची लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, तारीख त्याप्रमाणे धरा. शहरापासून तीसेक किलोमीटर. एसटी मिळते, पण उभं राहावं लागेल या धास्तीनं आम्ही रिक्षा ठरवली. पैसा इथे खर्च करावा, हॉटेलात वाचवावा. सकाळी लवकर पोचलो. लेणी एकूण ३४, पण मी घरूनच ठरवून गेले होते की फक्त १६ नंबरचं कैलास बघायचं. ते प्रवेशद्वाराच्या अगदी समोर आहे, चालणं थोडं. वरचा मजला मी सोडला. अंगणात दगडी हत्तीजवळच्या सावलीत बसून राहिले. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली खोदत आणलेलं हे देऊळ. शाळेच्या सहलीत आले होते तेव्हा पळत पळत पाहिलं होतं. या वेळी एकाच भिंतीसमोर अर्धा तास बसले आणि कितीतरी जास्त दिसलं.

जैन लेणी लांब आहेत, तिकडे चालत जाऊ नका. मी गेलेच नाही. अक्का गाडीनं जाऊन आल्या, मी झाडाखाली डबा उघडून बसले. परत आल्यावर दशम्या खात खात त्यांनी इंद्रसभेच्या छतावरचं कमळ हातानं काढून दाखवलं.

घरी आल्यावर दोन दिवस झोपून होते. ते दोन दिवस आधीच धरले होते, शाळेतून रजाही घेतली होती, त्यामुळे या वेळी रडू आलं नाही. पुढची तपासणी एप्रिलात आहे. तेव्हा ऊन असेल, म्हणून जाताना रात्रीची गाडी. अक्कांनी दौलताबादचं नाव काढलंय. मी पायथ्याशी बसणार, वर त्या जाणार.