सरकी सोडेना

कार्तिक लागला की यवतमाळहून वहिनीची पिशवी येते. वर तुरीची डाळ, तिच्याखाली जवसाची चटणी आणि तळाशी दाबून भरलेला कापूस. घरच्या शेतातला, जिनात, म्हणजे कापूस साफ करायच्या कारखान्यात, न गेलेला. आजीनं लाख वातींचा नेम धरला होता, तेव्हापासून आमच्याकडे हा दंडकच आहे: वातीचा कापूस घरचा आणि सरकी, म्हणजे कापसातलं बी, हातानं काढलेली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाकीटबंद फुलवाती मिळतात, त्या मी वर्षभर बिनदिक्कत वापरते. पण त्रिपुरी पौर्णिमेला आजीचा शब्द मोडवत नाही.

सरकी काढणं बघायला फार सोपं. बोंडातली एक पाकळी घ्यायची, अंगठ्यानं चाचपत आतली सरकी हुडकायची आणि ओढायची. ती येत नाही. पुन्हा ओढायची. मग येते, तीही अंगावर लव घेऊन, जणू माहेरचं काहीतरी पदरात बांधूनच निघाली आहे. अर्ध्या तासात नखांच्या कडा हुळहुळायला लागतात. यंदा केकसाठी घेतलेला वजनकाटा हाताशी होता, म्हणून सहज मोजलं. दीड तासात रुई, म्हणजे साफ कापूस, निघाली चाळीस ग्रॅम, आणि ताटात सरकी तिच्या दुप्पट. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं म्हणा. क्विंटलभर कापसात रुई तेहतीस-चौतीस किलो, बाकी सगळी सरकी.

म्हणजे एक पौंड रुईला माझे सतरा तास. पौंडात हिशेब करायचं कारण असं, की अमेरिकेच्या दक्षिणेत सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाच हिशेब लोकांना छळत होता. किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा, काळ्या गुळगुळीत सरकीचा कापूस होई. तो आपल्या चरखीसारख्या यंत्रावर साफ करता यायचा: दोन लाटा उलट्या फिरतात, रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे टपटपते. पण तो कापूस समुद्र सोडून आत जायला तयार नव्हता. आतल्या जमिनीत यायचा तो आखूड धाग्याचा, आणि त्याची हिरवट सरकी रुईला अशी चिकटलेली की माणसाचा दिवस जाई आणि पौंडभर रुई हाती लागे. एवढ्यासाठी कोण कापूस लावणार? तंबाखूनं जमिनी थकल्या होत्या, जॉर्ज वॉशिंग्टननं तर कधीच तंबाखू सोडून गहू धरला होता. गुलाम ठेवणं आता परवडत नाही, ही प्रथा आपोआप विझेल, असं बऱ्याच भल्या माणसांना वाटत होतं.

१७९२ मध्ये येल कॉलेजातून बाहेर पडलेला एली व्हिटनी नावाचा तरुण शिकवणीची नोकरी धरायला दक्षिणेत निघाला. नोकरी बारगळली आणि तो जॉर्जियात सव्हानाजवळ मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर पाहुणा म्हणून राहिला. मालकीण कॅथरीन ग्रीन, एका सेनापतीची विधवा. शेजारचे मळेवाले तिच्या दिवाणखान्यात बसून सरकीच्या नावानं बोटं मोडत. या पोराचा हात यंत्रांत चांगला, म्हणून तिनं त्याला पुढे केलं. मांजर कुंपणाच्या फटीतून कोंबडी ओढतंय आणि पंजात नुसती पिसं येताहेत हे बघून त्याला युक्ती सुचली, असंही सांगतात. खरं असो-नसो, यंत्र समजायला ही गोष्ट छान. रुळावर तारेचे दात, समोर बारीक फटींची जाळी. दात रुई पकडून फटीतून ओढून नेतात, सरकी फटीत मावत नाही, ती मागेच राहते. उलटा फिरणारा ब्रश दातांवरची रुई झटकतो. एवढंच. हातानं दांडा फिरवला तरी दिवसाला पन्नास पौंड.

इंजिनाचं लाडकं आखूड नाव 'जिन', ते या यंत्राला पडलं. आमच्याकडे अख्ख्या कारखान्यालाच जिन म्हणतात. लहानपणी बाबा 'कापूस जिनात टाकला' म्हणायचे, तेव्हा मला तो दिव्यातला राक्षसच वाटायचा.

१७९३ च्या सप्टेंबरात व्हिटनीनं वडिलांना पत्र लिहिलं. एक माणूस आणि एक घोडा जुन्या यंत्रांवरच्या पन्नास माणसांहून जास्त काम करतील, श्रम पन्नास पटींनी कमी होतील, आणि तेही कुणाचा रोजगार न जाता, असं त्यात त्यानं आनंदानं कळवलंय. या शेवटच्या कलमाशी मी दरवेळी थबकते. पोरगं खोटं बोलत नव्हतं. रोजगार खरंच कुणाचा गेला नाही.

सरकी हा बाटलीच्या तोंडाचा बूच होता. तो निघाल्यावर मागचं सगळं भसाभसा वाहायला लागलं. आता कितीही पिकवा, साफ होणारच, आणि इंग्लंडमधल्या गिरण्यांचं पोट काही भरत नव्हतं. १७९० मध्ये अमेरिकेत जेमतेम तीन हजार गाठी होत होत्या, १८६० ला त्या चाळीस लाखांच्या घरात गेल्या. जमीन हवी म्हणून क्रीक, चोक्टो, चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांना मुलुखातून हुसकून लावलं. आणि नांगरायला, खुरपायला, वेचायला हात हवे होते, कारण यंत्र फक्त सरकी काढत होतं, बोंडापाशी जाऊन वेचत नव्हतं. १७९० च्या शिरगणतीत गुलाम होते सात लाखांच्या आसपास, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला कायद्यानं बंदी होती, मग व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसं खाली कापसाच्या मुलुखात विकायला सुरुवात झाली. सुमारे दहा लाख जणांना असं हलवलं. नवरा इकडे, बायको तिकडे, पोरं तिसरीकडे. दगाफटक्याला इंग्रजीत 'सोल्ड डाऊन द रिव्हर' म्हणतात, त्यातली नदी ही, मिसिसिपी.

त्या शेतांवरचा एक माणूस पुढे सुटला आणि त्यानं सगळं सांगितलं. सॉलोमन नॉर्थअप, न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय. १८४१ मध्ये त्याला पळवून विकलं आणि लुईझियानात बारा वर्षं राबवलं. दिवसाला दोनशे पौंड वेचायचे, म्हणजे नव्वद किलो. संध्याकाळी टोपली काट्यावर. वजन कमी भरलं तर फटके. जास्त भरलं, तर उद्यापासून तेवढं रोज. टोपली घेऊन काट्याकडे जाताना थकल्या माणसाला कुठलं वजन बरं वाटत असेल, याचं उत्तर मला सापडत नाही.

संध्याकाळचा काटा मीही पाहिलाय, आमच्या बांधावरचा. ओट्या सोडून बाया रांगेत बसायच्या, किलोवर मजुरी मिळायची, आणि 'काटा नीट धर' म्हणून त्या बाबांना दरडावायच्या. दोन्ही काटे एका दोरीत बांधायचा मोह होतो, पण ते खोटं होईल. दरडावता येणं ही लहान गोष्ट नाही.

व्हिटनीला मात्र जिननं श्रीमंत केलं नाही. १४ मार्च १७९४ ला पेटंट मिळालं, पण साफ केलेल्या रुईतला दोन पंचमांश वाटा मागायचा, हे त्याचं आणि त्याच्या भागीदाराचं गणित. कोण देणार? यंत्र इतकं साधं की गावचा लोहारसुद्धा नक्कल करी. कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली. मग त्यानं सरकारला दहा हजार बंदुका बनवून द्यायचा मक्ता घेतला. मला त्याचा राग येत नाही, फार कीवही येत नाही. दांडा त्यानं बनवला, चाबूक आधीपासून होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली आणि तिकडचा कापूस अडकला. तेव्हा भाव चढला तो मुंबईत. जुन्या गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी अजून सांगतात. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बसल्या. त्या तेजीत कमावलेल्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याच्या घड्याळाखाली उभं राहून मी पदवीचा फोटो काढलाय, तेव्हा सरकी कुणाच्या डोक्यात होती?

परवा संध्याकाळी वाती वळून झाल्यावर वहिनीला फोन केला. बोटं दुखतात म्हटल्यावर ती हसली.

"कायले एवढं करता ताई? पुढल्या साली जिनातूनच किलोभर आणून देतो ना मी."

"आजीला चालायचं नाही."

"आजीले काय होते सांगाले," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "जिनाचं काय, थे तं रिकामंच बसलं हाय. वावरात कापूस फुटून लोंबून रायला, अन् वेचाले बाया भेटून नाही रायल्या."