कॅरी भट्टी, १:८७ : गंजाचं काम सुरू

मॉडेलचा सांगाडा उभा झाला, जिने लागले, आता रंगाला हात घातला आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: अमेरिकेतल्या पिट्सबर्गला लागून रँकिन नावाचं गाव आहे. तिथं मोनॉन्गहेला नदीच्या काठावर कॅरी फर्नेसेसच्या झोतभट्ट्यांची, म्हणजे खनिजापासून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्ट्यांची, रांग होती. त्यांपैकी १९०७ साली बांधलेल्या सहा आणि सात नंबरच्या दोनच आज उभ्या आहेत, प्रत्येकी ९२ फूट उंच. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, ही उंची साधारण ३२ सेंटिमीटर भरते. मी सात नंबर करतोय. दोन्ही करायला घरात टेबलही नाही आणि घरच्यांची परवानगीही नाही.

कुठलं साल दाखवायचं, यावर बराच वेळ अडलो होतो. चालती भट्टी दाखवायची तर दिवसाला हजार ते साडेबाराशे टन लोखंड ओतणारी, आग ओकणारी भट्टी हवी. एलईडी लावून तसे देखावे बऱ्याच जणांनी केलेत आणि छानही केलेत. मला मात्र ती बंद पडल्यानंतरची हवी होती. सहा-सात नंबर १९७८ मध्ये विझल्या. नदीपलीकडचा होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद पडला आणि पुढं जमीनदोस्त झाला. १९९९ मध्ये त्याच जागेवर ‘द वॉटरफ्रंट’ हे खरेदी संकुल उघडलं. जुन्या मिलची बारा धुराडी तेवढी ओळीनं उभी ठेवलीत. लोक त्यांच्या जवळपास गाड्या लावून सिनेमाला जातात. मी १९९८ धरलं. त्या वेळी कॅरीकडे कुणी पर्यटक फिरकत नव्हता, राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळायला २००६ उजाडायचं होतं. शिवाय पलीकडचा किनारा जवळजवळ मोकळाच होता, म्हणजे मागचा पडदा रंगवायला सोपा. हे कारण पहिल्यांदा सांगायला हवं होतं, खरं तर.

आता रंग. जुने फोटो बघितले की चालती भट्टीसुद्धा तांबडीच दिसते, बंद भट्टीही तांबडीच. पण हे दोन तांबडे वेगळे आहेत. कॅरीला माहिती द्यायला अनेकदा जुने कामगारच असतात. त्यातल्या एका आजोबांनी माझ्या मोबाइलमधला मॉडेलचा फोटो पाहून पहिलाच प्रश्न विचारला, ‘ही धूळ आहे की गंज?’ खनिजाची धूळ वरून पडते, म्हणून ती आडव्या जागी साठते: जिन्याच्या पायऱ्या, पाइपांच्या पाठी, छपरं. गंज पाण्याच्या वाटेनं उतरतो, म्हणून तो रिव्हेटच्या खाली ओघळतो, जोडांतून झिरपतो, प्लेटच्या खालच्या कडेला जमतो. वीस वर्षांच्या पावसानं वरची धूळ बहुतेक धुऊन नेली असणार. त्यामुळे १९९८ च्या माझ्या भट्टीवर पायऱ्या काळपट आणि उभ्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, असं ठरवलं.

कृती अशी: आधी काळा प्रायमर, त्यावर जांभळट झाक असलेला गडद तपकिरी. मग हेअरस्प्रेचा थर आणि वरून मूळ रंगाचा फिका करडा. तो वाळला की ओल्या, राठ ब्रशनं घासून करडा रंग जागोजागी उडवायचा. नारंगी पावडर अगदी शेवटी आणि हात आखडून, कारण नारंगी म्हणजे ताजा गंज. जुना गंज काळ्याकडे झुकतो. नवे लोक इथं फार सढळ होतात आणि मॉडेल गाजराच्या हलव्यासारखं दिसायला लागतं. भट्टीला गरम हवा पुरवणारे स्टोव्ह म्हणजे आत विटा रचलेले उंच दंडगोल. त्यांच्या पायथ्याशी सावली असते, तिथं थोडी शेवाळाची हिरवट झाक दिली. ओतशाळेला, म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून बाहेर काढायच्या शेडला, छप्पर असल्यामुळे आतली बाजू कोरडी, राखाडी ठेवली. पोकळ दिसायला हव्यात अशाही जागा आहेत. तांब्या-पितळेचं जे सुटत होतं ते भंगारवाल्यांनी केव्हाच नेलं, तेव्हा केबल आणि फिटिंग्ज मी लावलेल्याच नाहीत. रुळांमध्ये झाडं लावायची आहेत. तिथं फोफावणारा एलँथस आपल्या महारुखाचाच भाऊबंद. त्याच्या लांब संयुक्त पानांसाठी लेसर-कट कागद मागवलाय.

आणि हरीण! १९९७-९८ मध्ये काही कलाकारांनी मालकांना न विचारता इथं शिरून, जागेवरच सापडलेल्या नळ्या, होजपाइप आणि तारा वापरून हरणाचं जवळजवळ ४० फुटी मुंडकं उभारलं. ते आजही आहे. माझ्या स्केलला १४ सेंटिमीटर, म्हणजे भट्टीच्या निम्म्याला थोडं कमी. तांब्याची वायर पिळून शिंगं झाली, चेहरा अजून गाढवाकडे झुकतोय.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी या अभियंत्याला भेटले होते आणि पुढं साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्याचा आराखडा त्याच्याच कंपनीनं केला. कारखान्यासाठी खनिज शोधताना आधी आपला चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा, लोहाऱ्याचा परिसर धुंडाळला गेला. साकचीचं पहिलं लोखंड १९११ चं, म्हणजे माझी सात नंबर आणि जमशेदपूरच्या पहिल्या भट्ट्या जवळपास एकाच पिढीतल्या. जमशेदपूर वाढत गेलं, ही विझली.

विझण्याचं कारण समजून घेतलं की पुढचा भाग काय करायचा तेही ठरतं. कॅरीला पोलाद होतच नव्हतं. इथलं वितळलेलं लोखंड लॅडलच्या डब्यांत भरून १९०० सालच्या रेल्वे पुलावरून होमस्टेडच्या ओपन हार्थ, म्हणजे लोखंडाचं पोलाद करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, भट्ट्यांकडे जायचं. ओपन हार्थला एक घाणा काढायला कित्येक तास लागायचे. ऑक्सिजनच्या नव्या भट्टीत तेच काम पाऊण तासात. त्यात आयातीचं पोलाद, आणि पुढं होमस्टेडला ऐंशीच्या सुरुवातीची मंदी. शेजारच्या ब्रॅडकमध्ये १८७५ चा एडगर टॉमसन कारखाना अजून चालू आहे, तरीही गावाची वस्ती १९२० च्या सुमारे वीस हजारांवरून दोन हजारांच्या खाली आलीय. म्हणजे कारखाना टिकला तरी गाव टिकेलच असं नाही.

म्हणून पूल हवाच, निदान पहिला टप्पा, टेबलाच्या कडेला कापलेला. त्यावर एक लॅडल डबा, रिकामा. डब्याची थ्रीडी फाइल तयार आहे. प्रश्न गर्डरचा आहे: स्टायरीन प्लास्टिक स्वस्त पडतं, पण लांब पट्टी उन्हाळ्यात बाक धरेल अशी भीती वाटते. पितळ टिकेल, पण सोल्डरिंगचा डाग देण्यात माझा हात कच्चा. ज्यांनी हातभर लांबीचे पूल केलेत त्यांनी काय वापरलं ते कृपया कळवा, पट्टीच्या जाडीसकट.