बर्लिनच्या दूतावासात केलेले मुखत्यारपत्र: माझा अनुभव

वडिलांच्या पश्चात आमची साताऱ्यातील सदनिका आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांच्या नावावर झाली. तिसऱ्या मजल्याचे जिने आईला झेपेनासे झाल्यावर ही सदनिका विकून तळमजल्यावरचे घर घ्यायचे ठरले. मी ड्रेस्डेनमध्ये नोकरी करते आणि व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्यावर साताऱ्याला जाणे मला शक्य नव्हते. म्हणून केवळ या एका मिळकतीच्या विक्रीपुरते विशेष मुखत्यारपत्र भावाच्या नावे करून द्यायचे आम्ही नक्की केले.

लंडनमधील माझ्या मैत्रिणीने असेच पत्र तिथल्या नोटरीसमोर करून, त्यावर अपॉस्टिल (म्हणजे कागद दुसऱ्या सदस्य देशात थेट ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र) घेऊन पुण्याला पाठवले होते. जर्मनीत राहणाऱ्याला हा मार्ग मोकळा नाही. भारत 2005 पासून अपॉस्टिल कराराचा सदस्य आहे. मात्र भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतल्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू होत नाही. जर्मन नोटरीकडे गेले असते, तर त्याच्या सहीवर आधी लांडगेरिष्टच्या, म्हणजे तिथल्या प्रादेशिक न्यायालयाच्या, अध्यक्षांचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर पुन्हा भारतीय दूतावासाचे प्रमाणीकरण घ्यावे लागले असते. त्यापेक्षा थेट दूतावासातच सही करणे मला सोयीचे वाटले. ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे ते सॅक्सनी बर्लिनच्या दूतावासाच्या कार्यकक्षेत येते.

पहिल्या खेपेस चूक माझ्याकडून झाली. वेळ वाचावा म्हणून मी घरीच सर्व पानांवर सह्या करून गेले, आणि खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितले की आधी केलेल्या सहीची साक्ष त्यांना देता येणार नाही. ते बरोबरच होते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 33 मध्ये परदेशस्थ व्यक्तीचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्य दूत अशांपैकी कोणाच्या तरी समोर केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. "समोर" हा शब्द मी तोवर नीट वाचलाच नव्हता.

त्या परतीने एक मोठी अडचण मात्र टळली. नवी प्रत काढण्याआधी भावाने मसुदा दुय्यम निबंधक कार्यालयात दाखवला, तेव्हा तिथल्या लिपिकाने विचारले, "ताईंचे नाव इथे वेगळे कसे?" वारस नोंद माझ्या माहेरच्या नावाने झाली होती, पासपोर्टवर सासरचे नाव आहे, आणि मसुद्यात केवळ पासपोर्टवरचे नाव होते. दूतावासाने त्या मसुद्यावर शिक्का दिला असता, कारण तिथे पासपोर्टवरची व्यक्ती आणि सही करणारी व्यक्ती एकच आहे एवढेच पाहिले जाते. सदनिकेचे वर्णन बरोबर आहे का, अधिकार पुरेसे लिहिले आहेत का, हे तपासणे त्यांचे काम नाही. तो कागद साताऱ्यात मात्र अडला असता. आमच्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते आणि जुन्या नोंदी तशाच राहतात, त्यामुळे परदेशातील प्रत्येक विवाहित बहिणीने हे आधी पडताळावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आम्ही मजकुरात दोन्ही नावे घातली, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे वाक्य लिहिले आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडली.

दुसऱ्या वेळी दोन साक्षीदार माझ्यासोबत ड्रेस्डेनहून आले. टिअरगार्टनजवळच्या त्या लाल वालुकाश्माच्या इमारतीत आमचे काम तासाभरात झाले. मजकूर वाचला आणि समजला आहे ना, असे अधिकाऱ्यांनी विचारले. मग मी प्रत्येक पानाच्या तळाशी सही केली आणि शेवटच्या पानावर छायाचित्राशेजारी अंगठा उमटवला. शाई जास्त लागल्याने पहिला ठसा नुसता डाग झाला. अंगठा पुसून पुन्हा उमटवल्यावर रेषा स्वच्छ दिसल्या, तेव्हा गोल शिक्का पडला.

मूळ प्रत मी कुरियरने पाठवली. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 नुसार राज्याबाहेर केलेल्या दस्तावर तो राज्यात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरता येते. म्हणून भावाने तारखेचा पुरावा म्हणून कुरियरचे पाकीट आणि पावती दोन्ही जपून ठेवले, आणि मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात कागदासोबत तेही नेले.

विक्रीखत नोंदले गेले त्या संध्याकाळी त्याने मला इंडेक्स टूचे, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाचे, छायाचित्र पाठवले. लिहून देणाऱ्यांच्या रकान्यात आईच्या नावाखाली माझी दोन्ही नावे होती आणि पुढे "तर्फे मुखत्यार" म्हणून त्याचे नाव होते.