साभार परत आलेल्यांची दुपार

जानेवारीतल्या एका रविवारी ठाण्यात घंटाळीजवळच्या हॉलमध्ये आपल्या लेखक मंडळाचा वार्षिक मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं होतं आणि दरवर्षी तसंच होतं. समई पंख्याच्या वाऱ्याने विझते, तीही दरवर्षी.

खरा मेळावा जेवणानंतर सुरू होतो. ज्यांचं लेखन त्या वर्षात कुठल्या तरी संपादकाकडून ‘साभार परत’, म्हणजे नाकारून, आलं आणि पुढे छापून आलं, त्यांच्यापैकी एकजण उभा राहतो. प्रमुख पाहुण्यांपेक्षा याचंच भाषण डोळ्यांत पाणी आणतं. अट एकच असते. परत आलेलं पहिलं पान आणि छापलेलं पहिलं पान, दोन्हींच्या प्रती सगळ्यांच्या हातात द्यायच्या आणि काय कापलं ते मोजून सांगायचं.

यंदा कळव्याच्या एक शिक्षिका उभ्या होत्या. कथा चार ठिकाणांहून परत आलेली. मूळ ३,२०० शब्द, छापली तेव्हा २,१००. सुरुवातीचे दीडशे शब्द तलावपाळीच्या संध्याकाळचे होते, ते गेले. आता कथा दाराच्या कडीच्या आवाजाने सुरू होते. ‘तो हताशपणे म्हणाला’मधलं ‘हताशपणे’ एकोणीस ठिकाणी खोडलेलं. शेवटच्या परिच्छेदात कथेचा अर्थ समजावला होता, तो आख्खा उडाला. बाई चारही पत्रं तारखेनिशी वाचत होत्या. तिसऱ्या पत्राला आवाज कापला, पण आकडे चुकले नाहीत. हॉलमध्ये त्या वेळी पंचेचाळीस माणसं होती.

पंचेचाळीस! यादीत एकशे दहा नावं आहेत. वाशी-नेरूळची मंडळी ट्रान्स-हार्बरने वेळेवर येतात, डोंबिवलीकर मेगाब्लॉक सोसून येतात आणि घोडबंदरवाल्यांना मात्र ‘ट्रॅफिक’ लागतो. २०१०च्या डिसेंबरात ८४वं साहित्य संमेलन ठाण्यात भरलं तेव्हा हाच रस्ता होता, तेव्हा बरे आलात! आपली कविता वाचून झाल्यावर पिशवी उचलणाऱ्यांबद्दल तर काही लिहीत नाही.

जे बसून राहतात, त्यांना त्या दुपारी कामाचं ऐकायला मिळतं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष पावसाबरोबर सुरू होतं. कथा जूनअखेर पाठवलेली बरी, कारण गणपतीच्या आसपास अंकाची पानं लागत आलेली असतात आणि तेव्हा आलेली कथा चांगली असली तरी जागेअभावी परत येते. सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे. कथेचा सारांश त्यात नको. एकच कथा एका वेळी दोन संपादकांना पाठवू नये. दोघांनी घेतली तर दोन्ही दारं बंद होतात. तीन महिने वाट पाहावी, मग एकदाच आठवण करावी.

फाइल युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत द्यावी. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतली की रफार सरकतो, ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. रूपांतरानंतर हे दोन दोष आधी शोधायचे. शुद्धलेखनात अन्त्य इकार-उकार दीर्घ, हे सगळ्यांना पाठ असतं. ‘आणि’ व ‘नि’ ऱ्हस्व, हे मात्र प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीत, निसटतं. प्रूफ दोघांनी वाचावं, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून. प्रकरणांची शीर्षकं वेगळी तपासावीत, कारण मोठ्या अक्षरांवरून नजर घसरते. दुसऱ्या प्रुफात दुरुस्त केलेली ओळ आणि तिच्या वरखालच्या ओळीही पाहाव्यात. एक शब्द वाढला की मजकूर पुढे सरकतो आणि नवी चूक तिथेच होते.

पुस्तकाचा हिशेब फळ्यावर मांडला जातो. डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द धरले, तर ४०,००० शब्दांची १३४ पानं. शीर्षक, अर्पणपत्रिका, अनुक्रम यांची आठ धरून १४२. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा, म्हणून नऊ फॉर्म, १४४ पानं. दोन कोरी राहतात. मजकुराची तीन पानं वाढली की दहावा फॉर्म चढतो आणि किंमतही, हे ऐकल्यावर पुष्कळांना आपली प्रस्तावना लांब वाटू लागते.

कराराचा भाग रुक्ष, पण वह्या तिथेच उघडतात. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मानधन छापील किमतीवर की विक्रेत्याचं कमिशन वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे लिहून घ्यावं. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे ३० रुपये. ४० टक्के कमिशन वजा करून धरले तर १८. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर का ते विचारावं. पहिल्या पुस्तकाला राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणीतरी नव्याने ऐकतं.

आता आभार, कुणी राहू नये म्हणून लिहूनच ठेवलेत. सतरंज्या घालणारे हॉलचे मामा. माइकची शिट्टी थांबवणारा मुलगा. रांगोळीच्या दोघी बहिणी. सकाळपासून हजेरीवही धरून बसणारे अण्णा, ज्यांच्यामुळे वरचा पंचेचाळीसचा आकडा देता आला. नौपाड्याच्या काकू, मसालेभाताच्या. त्यांच्या सूनबाई, ताकाच्या. फळा आपल्या क्लासमधून उचलून आणणारे सर आणि तो परत नेणारे त्यांचे दोन विद्यार्थी. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारे रिक्षावाले दादा. वाटखर्च नाकारणारे पाहुणेही.

झेरॉक्सवाले भाऊ राहिलेच. दोन्ही पानांच्या प्रत्येकी साठ प्रती तेच काढतात. जुनं पान डावीकडे, छापलेलं उजवीकडे, असं लावून टाचणी मारून देतात. यंदा पंधरा जोड उरले. ते भाऊंनी दुकानात ठेवलेत, न आलेल्यांनी तिथून न्यावेत.